दारापाशी थांबलेली पावलं

टप्.

दुपारची वेळ, घर चिडीचूप, आणि वॉशर गेलेल्या नळाने इतका वेळ धरून ठेवलेला थेंब शेवटी खालच्या पातेल्यात सोडला. चादरीखाली झोपेचं सोंग घेऊन पडलेली भुंगी खुदकन हसली.

“आई, हा थेंब कशाचा?”

“चोर खिडकीतून पळाला ना, त्याचं बोट कापलं. त्याच्या रक्ताचा.”

“शी! दुसरा सांग.”

“मग राजकन्येच्या डोळ्यातला.”

“एवढ्या मोठ्याने?”

“पातेल्यात रडते ती. गादी ओली केली की घरचे ओरडतात.”

पाच वर्षांच्या भुंगीला हे एकदम पटलं. तिच्या आईचा धंदाच असला होता. सिनेमाचं शूटिंग होतं तेव्हा माणसांचं बोलणं तेवढं नीट रेकॉर्ड होतं. त्यांचं चालणं, बसणं, दार लोटणं, कपड्यांची सळसळ... हे सगळं नंतर स्टुडिओत कुणीतरी पडद्याकडे बघत नव्याने वाजवून द्यायचं असतं. ते काम ती करायची. कोबीचा दांडा मोडून ती लोकांची हाडं मोडायची, ओलं फडकं मनगटावर दाबून चुंबनं घ्यायची. पण तिचं खरं नाव झालं होतं पावलांत. नायिका, खलनायक, म्हातारी, वेळ पडली तर घोडा... सगळ्यांच्या वतीने तीच चालायची. स्टुडिओत तिला म्हणायचेच टकटक.

हे नाव पडायला आणखी एक कारण होतं. तिचे पाय कधी स्वस्थ बसायचेच नाहीत. उभी राहिली की अंगठा फरशी उकरायचा, बसली की टाच ताल धरायची. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट दादा डोक्याला हात लावायचा. “टकटक, पडद्यावरचा माणूस थांबलाय गं! तू कधी थांबणार?”

थांबली की विचार यायचे, म्हणून ती थांबायची नाही. भुंगीचा बाबा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरात राहायला गेला होता. रविवारी फोनच्या पडद्यावर यायचा आणि ‘दात दाखव बघू’ म्हणायचा. तो गेल्यापासून टकटकच्या पायांना जी भिंगरी लागली, ती लागलीच.

जिन्यावर पावलं वाजली. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. हा त्यांचा रोजचा खेळ.

“कोण?” आईने विचारलं.

“तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. आज पिशवीत बटाटे आहेत.”

“कशावरून गं?”

“गुडघा जास्त बोलतोय.”

आईने तिचा गालगुच्चा घेतला. पोरीचे कान आईच्याही पुढे चालले होते. “ऊठ आता, सोंगाडे. बूट आणायला जायचंय.”

बुटाचं असं होतं... गेला आठवडाभर टकटकच्या डोक्यात एकच चाल घोळत होती. बाहेरून घाईचं एक काम आलं होतं. सिनेमाचं नाव नाही, गाव नाही, आणि चित्रात माणसं फक्त कंबरेखाली दिसत होती. वरचा अर्धा भाग काळा करून पाठवलेला. दादाला ते खटकलं.

“हे काय गं? तोंडं कुठायत यांची?”

“तोंडं घेऊन मी काय करू? पाय आहेत, तेवढे पुरे.”

ती काही शिष्टपणाने म्हणाली नव्हती. खरंच, पडद्यावर तिने कधी कुणाचं तोंड बघितलंच नव्हतं. सोबत नमुना म्हणून कुठल्याशा जुन्या सिनेमातली पावलं आली होती: नायकाची चाल हुबेहूब अशीच पाहिजे. तिने हेडफोन लावले आणि... ऐकतच राहिली. डावी टाच किंचित ओढलेली. घाई नाही, पण आळसही नाही. आणि दार आलं की — थांबणं. काय थांबायचा तो माणूस! पाऊल टेकलं की टेकलं. पुढे नुसती शांतता, जणू दाराआड कुणी झोपलंय आणि त्याची झोप मोडायची नाही. त्या थांबण्यात एवढी माया होती की तेवढाच तुकडा तिने पुन्हा पुन्हा लावला. कोण असेल हा? नायक नव्हे, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्यासारखंच कुणीतरी, कुठल्यातरी बंद खोलीत, नायकाच्या वतीने चालणारं...

“बाई, समाधी लागली का?” दादा माईकवर म्हणाला. “चाला आता!”

ती चालली. सिनेमाच्या ट्रेलरपुरते तुकडे करून पाठवले, तिकडून वाहवा आली. बाकीच्या सिनेमासाठी मात्र सैल टाचेचा, चांगला मुरलेला एक पुरुषी बूट हवा होता.

पुलालगतच्या जुन्या बाजारात पावसाची भुरभुर चालू होती. दुकानदाराने बुटांच्या ढिगावर प्लास्टिक ओढलं होतं आणि त्याखाली हात घालून टकटक एकेक बूट बाहेर काढत होती. काढायचा, दगडावर आपटायचा, कानाशी न्यायचा, परत टाकायचा. शेवटी एक तपकिरी डावा बूट हाती आला. आपटला. टाच अश्शी वाजली की तिचे डोळेच मिटले.

“अहो बाई,” दुकानदार न राहवून म्हणाला, “बूट पायात घालून बघतात. कानाला काय लावताय?”

“मी कानाचंच माप बघतेय.”

“तरीच! आज काय साथच आलीय वाटतं. ते बघा दुसरे.”

ढिगाच्या पलीकडे एक माणूस उकिडवा बसला होता. त्याच्या हातात त्याच जोडाचा उजवा बूट होता, आणि तो त्याने कानाला लावला होता.

“डावा तुमच्याकडे आहे,” तो म्हणाला. कुणी फोनवर बोलताना बोलावं तसा, बूट कानावरून न काढता.

“उजवा तुमच्याकडे आहे,” ती म्हणाली.

“मग बोलणं संपलं की. चालून बघू?”

तिने बूट पुढे केला, पण मान वर केली नाही. त्याने दोन्ही बूट चढवले आणि ओल्या फरशीवरून तो चालत गेला. टकटक नेहमीसारखी पायांकडे बघत होती. एक पाऊल, दुसरं... डावी टाच, किंचित ओढलेली. घाई नाही, आळस नाही. बाजूच्या दुकानाच्या उंबऱ्यापाशी तो पोचला, आणि थांबला. नुसती शांतता.

“थांबा...” तिच्या तोंडून निघून गेलं.

“थांबलोच आहे.”

“नाही, म्हणजे... तुम्ही नेहमीच असे थांबता?”

“कसा?”

तिचा अंगठा चपलेत वेड्यासारखा चालला होता. आठवडाभर मी तुमच्या चालीने चालतेय, तुमचं थांबणं मला पाठ झालंय... हे पहिल्या भेटीत कुणाला सांगायचं तरी कसं? लोक काय म्हणतील, आणि मुख्य म्हणजे हा काय म्हणेल?

“तुम्ही नदीपलीकडचे,” तिने विषय वळवला. नदीपलीकडे दुसरा देश लागत होता. भाषा हीच, फक्त हेल वेगळा.

“बोलण्यावरून ओळखलंत?”

“चालण्यावरून.”

तो मोठ्याने हसला. आणि त्या हसण्यासाठी, कित्येक दिवसांनी, टकटकने मान वर करून एका माणसाच्या तोंडाकडे बघितलं. उन्हाळे-पावसाळे पाहिलेलं, पण डोळ्यांत अजून मधल्या सुट्टीतलं पोर असलेलं तोंड होतं.

“पावलांचंच काम करतो मी,” तो म्हणाला. “सध्या संपावर. महासंघाच्या अधिवेशनाला आलोय. आणि सवय जात नाही बघा, रिकामा वेळ मिळाला की बुटांच्या दुकानात.”

“अगं बाई! मी पण पावलांचीच. तिथेच चहाच्या टेबलावर उद्या माझी ड्युटी आहे.”

“मग हा जोड कुणाचा?”

“फोडून विकत नाही हां मी,” दुकानदाराने आधीच बजावलं.

“एक आईला,” इतका वेळ बूट मोजण्यात दंग असलेली भुंगी म्हणाली, “आणि एक या मामांना.”

“मामा?” तो एकदम दचकला. “काहीही म्हण, पण मामा तेवढं म्हणू नकोस गं बाई.”

“का?”

“सगळा घोटाळा होईल.”

“कसला घोटाळा?”

तो खिसे चाचपायला लागला. टकटकने घाईघाईने पिशवी उघडली, बंद केली, परत उघडली. दुकानदार गालात हसला आणि जोड एका कागदात न बांधता दोन कागदांत बांधून दिला.

“डावा तुमच्याकडे राहू दे,” नदीपलीकडचा पाहुणा जाताना म्हणाला. “उजवा माझ्याकडे. कुणाला जास्त गरज पडते बघू.”

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहाचं आवार माणसांनी फुललं होतं. कला, माध्यमं आणि करमणुकीत राबणाऱ्यांच्या देशोदेशीच्या संघटनांचा हा महासंघ, आणि यंदा यजमानपद टकटकच्या संघटनेकडे. डबिंगवाले होते, नर्तक होते, बातम्या देणारे, बाहुल्या नाचवणारे, सर्कशीत झोके घेणारे, पडद्यामागे दिवे धरणारे. मूकाभिनयवाल्यांच्या प्रतिनिधीने सगळ्यांत लांब भाषण केलं. सर्कशीतल्या एका बाईंनी बोलता बोलता खुर्चीच्या पाठीवर चढून ठराव मांडला.

तो नदीपलीकडचा पाहुणा दर मध्यंतराला चहाच्या टेबलापाशी यायचा. मध्यंतर नसलं तरी यायचा.

“हा कितवा?” ती कप पुढे करत म्हणायची.

“चहा चांगला आहे.”

“चहा गार आहे. सकाळपासून गार आहे.”

“मग गार चहा चांगला आहे.” तो टेबलावरून वाकून खाली बघायचा. “तू कधी स्वस्थ उभी राहतेस का गं? खाली काय टाइपरायटर ठेवलायस?”

ही ‘तू’ कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. तीही मग विचारायची, “आणि तू कसा रे असा खांबासारखा उभा राहतोस? मुंग्या येत नाहीत?”

“येतात. पण थांबलं की ऐकू येतं.”

“काय?”

“सगळं. आत्ता तुझा टाइपरायटर येतोय.”

ती हसायची, आणि मग कुठल्यातरी दुसऱ्याच टेबलाला फडकं मारायला निघून जायची. आज सांगू, आत्ता सांगू... पण ‘मी तुझी चाल उचललीय’ हे वाक्य तिच्या जिभेवर येऊन परत फिरायचं. भुंगीने तेवढ्यात त्याच्याकडून शिट्टीशिवाय वाऱ्याचा आवाज काढायला शिकून घेतलं. त्याला काय म्हणायचं हा प्रश्न तिने तात्पुरता ‘अहो’वर सोडवला होता.

“अहो काय म्हणतेस?” आई दबक्या आवाजात ओरडली.

“मग तूच सांग ना काय म्हणू!”

आईने कप विसळायला घेतले.

अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात नदीपलीकडच्या संपाचा विषय आला. संपसमितीच्या अध्यक्षबाई उठल्या. आयुष्यभर नाटकांचे पडदे ओढलेल्या, हाताला घट्टे, आणि आवाज असा की माईकने चार पावलं मागे सरावं. मुद्दा त्यांनी सरळ सांगितला. निर्मात्यांना माणसांची पावलं, आवाज, हुंदके एकदाच रेकॉर्ड करून घ्यायचे होते आणि पुढे यंत्राकडून हवे तेवढे वापरायचे होते. माणसाला कायमची सुट्टी. म्हणून संप. आणि महासंघाचा साधा नियम: एका घरात संप असेल तर त्या घरचं काम दुसऱ्या घराने उचलायचं नाही.

“पण आमच्याच घरात फितुरी झालीय,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “हा बघा ट्रेलर. संप चालू असताना निघालाय. आणि यातली चाल कुणाची ते आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.”

दिवे गेले. पडदा उजळला. नदीपलीकडचा तो प्रसिद्ध नट लांबलचक व्हरांड्यातून चालत आला, डोक्यापासून पायापर्यंत अख्खा.

टकटकने पाय ओळखले. मग पहिल्यांदाच तिने त्यांच्यावरचं तोंड बघितलं. टक... टक... डावी टाच ओढलेली. दार. थांबणं. ही तिची पावलं होती! संपावरचं काम तोंड झाकून तिच्या दारात आलं होतं, आणि तिने तोंड मागितलंसुद्धा नव्हतं.

दिवे आले. अध्यक्षबाई त्याच्याकडे वळल्या. पुढच्या रांगेत उजव्या बुटाचा मालक एकटा उभा होता. “सांग सगळ्यांसमोर. ही तुझी पावलं नाहीत?”

तो म्हणाला, “ऐकायला... माझीच वाटतात. पण मी चाललो नाही.”

“म्हणजे पावलं तुझी, आणि चालली आपोआप?”

हशा झाला, पण त्या हशाला धार होती. त्याच्या मागे बसलेल्या त्याच्याच माणसांनी माना फिरवल्या. ज्यांच्याबरोबर तो रोज उन्हात फलक धरून उभा राहायचा, तेच.

टकटक उठायला लागली. बाजूला बसलेल्या दादाने तिचा दंड धरला.

“खाली बस. मालकाला कळायला संध्याकाळ लागणार नाही. स्टुडिओ एकच आहे गावात, टकटक. पोरीकडे बघ.”

तिने पोरीकडे बघितलं. भुंगी खुर्चीवर उभी राहून पुढे बघत होती. त्याच्याकडे. तो तसाच उभा होता, खांबासारखा. थांबलेला. टकटकला वाटलं, आठवडाभर हे थांबणं मी कानात घेऊन फिरले, आणि आज त्याच्यामागे एक माणूस उभा राहत नाही!

“ती मी आहे,” ती म्हणाली.

सभागृहाने मागे वळून बघितलं. टकटक मधल्या वाटेने पुढे आली. “ट्रेलरमधली पावलं माझी आहेत. आमच्या स्टुडिओत केलीत. चित्र अर्धं झाकून आलं होतं, नमुना याच्या चालीचा होता. सिनेमा कुठला ते मला आत्ता कळलं.”

अध्यक्षबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “चहाच्या टेबलावरच्या ना तुम्ही?” कुठेतरी कुणीतरी खोकलं. दोन दिवसांतले ते गार चहा सगळ्या महासंघाने मोजलेले दिसत होते. “बाई, मन चांगलं आहे तुमचं. पण एखाद्याला वाचवायला असं काहीही बोलू नये.”

टकटकने पिशवीतून डावा बूट काढला. “मग चालून दाखवते. उजवा त्याच्याकडे आहे.”

आता मात्र सभागृहात खरोखरचा हशा पिकला. त्याने कानापर्यंत लाल होत पिशवीतून उजवा बूट काढला.

मखमली पडदा ओढला गेला, तोही अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हाताने. पडद्यामागे दोघांनी पाळीपाळीने ते बूट घालून लाकडी रंगमंचावरून चालायचं, टोकाला दारापाशी थांबायचं. टकटकने बुटात रुमाल कोंबले. तो तिच्या कानाशी हळूच म्हणाला, “खरंच तू आहेस?”

“हं.”

“किती वेळा ऐकलंस मला?”

“आत्ता बोलू नकोस. पाय चुकतील माझे.”

एक जण चालला. मग दुसरा. बाहेर एवढे कानांवर पोट भरणारे लोक बसलेले, पण कुणाला सांगता येईना. डबिंगवाले म्हणाले पहिला तो, नर्तक म्हणाले दुसरा. आणि तेवढ्यात चिमणा आवाज आला.

“दुसरी आई!”

“कशावरून गं बाळा?” अध्यक्षबाईंचा आवाजही मऊ झाला.

“ते थांबले की थांबतात. आई थांबली तरी तिचा अंगठा चालतो.”

दादाने एक मोठा सुस्कारा सोडला आणि तो जागेवरून उठला. “पोरगी खरं बोलतेय. रोज ओरडतो मी त्या अंगठ्यावरून. रेकॉर्डिंग माझंच आहे. लावा परत, आवाज वाढवा.”

ट्रेलर परत लागला. व्हरांडा, पावलं, दार. नट थांबला... आणि त्या शांततेत, एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही असं, बुटाच्या आत कुणीतरी अंगठा घासला. खर्र.

सगळं सभागृह एका दमात “आहा!” म्हणालं.

“आमचा संप मोडत होतात तुम्ही,” अध्यक्षबाई पडदा बाजूला सारत म्हणाल्या. “कळतंय ना?”

“आता कळलं. यापुढे या सिनेमासाठी मी एक पाऊल टाकणार नाही.”

“आणि मी बटण दाबणार नाही,” दादा म्हणाला. “मघाशी हिला खाली बसवत होतो, त्याबद्दल हिची माफी घरी जाऊन मागेन. इथे लाज वाटते.”

मग हात वर झाले. देशोदेशीचे, रंग लागलेले, दोरांनी घासलेले, शाईचे. कुठल्याच गावात, कुठल्याच स्टुडिओत त्या नटासाठी कुणी चालणार नाही असं ठरलं. “म्हणजे आता तो तरंगणार!” मूकाभिनयवाला आनंदाने म्हणाला. मघाशी माना फिरवून बसलेली नदीपलीकडची माणसं एकेक करून उठली आणि आपल्या सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

मालकाचा निरोप संध्याकाळच्या आत आलाच: उद्यापासून येऊ नका. टकटक नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती. तो येऊन शेजारी बसला. भुंगी खाली अंगणात सुकी पानं तुडवून ‘आग’ करत होती.

“माझ्यामुळे गेलं तुझं काम.”

“माझ्यामुळे जात होतं तुझं नाव. फिटंफाट.” तिची टाच पायरीवर धडधडत होती. “बाहुलीवाल्यांनी बोलावलंय. त्यांच्याकडे एक सिंह आहे, त्याला चालता येत नाही.”

“आता तरी सांग. किती वेळा ऐकलंस?”

“मोजलं नाही.”

“कुठला तुकडा?”

तिने पानांच्या आगीकडे तोंड फिरवलं. “थांबायचा.”

त्याने मान हलवली. नेमका हाच तुकडा असणार, हे ठाऊक असल्यासारखी. “आई रात्रपाळी करायची माझी. दुपारी शाळेतून आलो की झोपलेली असायची. मग दारापाशी थांबायचो. तिचा श्वास ऐकू आला की मगच आत.”

टकटकच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “दाराआड कुणीतरी झोपलंय, असं मला वाटलंच होतं...”

“आजवर कुणालाच वाटलं नाही गं.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “लोकांनी माझी पावलं ऐकली. थांबणं तू एकटीनेच ऐकलंस. आता मी दुसऱ्या कुठल्या दारापाशी थांबावं, तूच सांग.”

तिची टाच... थांबली. त्याने खाली बघितलं, तिनेही बघितलं, आणि दोघंही लहान मुलांसारखी हसत सुटली. लगेच ती परत सुरू झाली म्हणा.

पण संप चालू होता. तो मध्येच सोडून इथे राहणारा माणूस तिला आवडला नसता, आणि तो राहिलाही नसता. बस स्टँडवर त्याने डावा बूट तिच्या पिशवीत टाकला, उजवा आपल्या.

“संप मिटला की येतो.”

“कधी मिटेल?”

“ते निर्मात्यांना विचार. वाटाघाटी चालू आहेत.”

“आणि आपल्या?”

“आपल्यात माझी काही अटच नाही,” तो पायरीवर चढत म्हणाला. “तू म्हणशील तिथे सही.”

मग दिवस जायला लागले. टकटक बाहुल्यांच्या सिंहाला चालायला शिकवत होती, भुंगी सिंहाची शेपटी सांभाळत होती. फोन यायचे, पण फलकांच्या, घोषणांच्या गोंगाटातून अर्धं बोलणं वाऱ्यावरच जायचं. संप मिटल्याची बातमी आली तेव्हा तिने सगळं घर पुसून काढलं. नंतर फोन लागेना. तिने घर परत पुसलं. तो दिवस गेला, पुढचा गेला... पाय तर आता झोपेतही चालायचे. पलीकडे कामं सुरू झाली असतील, नवे सिनेमे, नवे बूट. माणूस काय, पावलांसारखाच. वाजतो आणि पुढे जातो. डावा बूट तिने कपाटाच्या मागे सारला. आणि परत पुढे काढला.

एका दुपारी घर असंच चिडीचूप होतं. नळाने थेंब सोडला. टप्.

“आई, हा कशाचा?” चादरीखालून प्रश्न आला.

“झोप गं आता.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भुंगी उठून बसली. तिने कान टवकारले, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“दोन माणसं आहेत... नाही, एकच. पण अर्धा एक आहे आणि अर्धा दुसराच!”

टकटकनेही ऐकलं. उजवं पाऊल जड, मुरलेल्या चामड्याचं. डावं मऊ, कापडी, भलतंच. टक... फस्. टक... फस्. डावी टाच किंचित ओढलेली. पहिला मजला. दुसरा. कपाटापाशी ती जागच्या जागी खिळली.

पावलं दारापाशी आली. आणि थांबली.

घंटी वाजली नाही. कडी वाजली नाही. दाराआड कुणीतरी आतला श्वास ऐकत उभं होतं. आणि आत, कितीतरी दिवसांनी, टकटकचे दोन्ही पाय फरशीवर शांत टेकले होते. अंगठासुद्धा हलत नव्हता.

भुंगीने आईचा हात ओढला. एका हाताने तिने तो डावा बूट उचलून छातीशी धरला होता. कुजबुजत, अगदी गंभीरपणे तिने विचारलं,

“आई, ते मामा नाहीत. आणि ते काका पण नाहीत. मग ते आपले कोण लागतात?”